महाबळेश्वरचं धुकं आणि दहिवडीच्या मेंढ्या

‘मामा, गाडी रिकामी आहे का?’ असं माझी भाची सई विचारते, तेव्हा गाडी आणि मामा दोन्ही गृहीत धरलेले असतात. सई कराडला इंजिनिअरिंग शिकते. यंत्रं सोडून बाकी सगळं शिकते. यंदा स्नेहसंमेलनासाठी तिला गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. गायिका होती तिची हॉस्टेलातली मैत्रीण रूपाली. मी सांगलीहून सकाळी निघालो आणि कराडला दोघींना व एका धष्टपुष्ट स्पीकरला गाडीत घेतलं.

साताऱ्यापर्यंत हायवे चांगला आहे. वाईतच मिसळ खाऊन घ्या. घाट चढला की मिसळीचा भावही चढतो. पसरणी घाटात सईनं आपल्या प्रेरणा सांगितल्या: कोरियन व्हिडिओ, धुकं, पांढरा गाऊन, स्लो मोशन.

‘आणि चाल?’

‘एका परदेशी बँडवरनं सुचली,’ रूपाली खिडकीबाहेर बघत म्हणाली. बँडचं नाव तिला आठवेना. गाण्यात मधेच ‘हुर्रऽऽ येऽ येऽ येऽ’ असा लांबलचक आलाप होता. तो मी विनातक्रार युरोपच्या खात्यावर टाकला.

महाबळेश्वरात ऐन पावसाळ्यात धुकं फुकट आणि अमाप मिळतं. रूपाली पांढरा गाऊन घालून पॉइंटावर उभी राहिली आणि नाहीशी झाली. एक वस्तू दुसऱ्या तशाच वस्तूत मिसळून दिसेनाशी झाली, की अलंकारशास्त्रात त्याला ‘मीलित’ म्हणतात, असं मी, संस्कृतचा मास्तर, सांगू लागलो.

‘मामा, अलंकार राहू दे. हिरॉईन शोध!’

कणसाच्या गाडीवाल्यानं हाक दिली, ‘आवं ताई, हाय तितंच थांबा! म्होरं दरी हाय!’

दिवसभरात कॅमेऱ्यात फक्त पांढरा रंग आला. रात्री ओल्या गाद्यांच्या लॉजवर मी सुचवलं, ‘माण तालुक्यात जाऊ, दहिवडीकडे. तिकडे ढग येतात, पण उतरत नाहीत.’

रूपालीचा चेहरा उतरला. तिचं गाव दहिवडीजवळच निघालं. ‘आवं मामा, तितं काय हाय? दगडं नि बाभळी!’ सई हट्टाला पेटली, तेव्हा ती कबूल झाली, पण एका अटीवर: शूटिंग माळावर, घरी जायचं नाही. सकाळी पेट्रोलपंपावर सई लांब असताना ती मला हळूच म्हणाली, ‘घरी मेंढ्या हायती. कॉलेजात कळलं तर जलमभर मेंढीबाई म्हणतील.’

कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडी गाठायची. पाऊस साताऱ्यालाच उतरून राहतो. पाणी सोबत घ्या. माळावर सावली नावालाही नाही.

गावापासून लांब स्पीकर मांडला. रूपाली गाऊनमध्ये उभी. गाणं सुरू झालं, आलाप आला, ‘हुर्रऽऽ येऽ येऽ येऽ’, आणि टेकाडामागून एक मेंढी धावत आली. मग दहा, मग अख्खा कळप. सगळ्या स्पीकरला भिडल्या. एकीनं गाऊनची किनार तोंडात धरली. मागून धापा टाकत, काठी उगारत एक बाई आली.

‘कोन वरडतंय रं माज्या आवाजात?’

मग तिला गाऊन दिसला. ‘रूपे? आन् ही मच्छरदानी का गुंडाळलीयास?’

सईनं माझ्याकडे पाहिलं, मग मेंढ्यांकडे, मग मैत्रिणीकडे. ‘परदेशी बँड?’

रूपाली मान खाली घालून उभी. आईला काही कळेना. ‘काय चुकलं का गं माजं? हाकते माघारी समद्यांस्नी.’

‘न्हाई आई,’ रूपालीनं स्पीकर बंद केला. ‘हाकू नगंस. तूच घाल साद, मी मागनं म्हनते. सई, कॅमेरा चालू ठेव.’ तिनं आईच्या खांद्यावरची घोंगडी ओढून गाऊनवर घेतली. पुढचा तासभर मी मेंढ्या आवरत होतो. माझ्या संस्कृतचा त्यांच्यावर काडीइतकाही परिणाम झाला नाही.

संध्याकाळी तिच्या घरी बाजरीची भाकरी, ठेचा आणि प्यायला हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं. माणात गेलात तर माडग्याला नाही म्हणू नका. परतताना मुलींना कराडला सोडलं.

व्हिडिओ परवा सईनं पाठवला. धुकं गेलंय, स्लो मोशन तेवढं मेंढ्यांसाठी राखलंय. शेवटची पाटी रूपालीनं स्वतः लिहिलीय: ‘चाल आईची. मी उचलली.’

तो आलाप मी फोनच्या रिंगला लावलाय. सांगलीत आमच्या दारी अजून एकही मेंढी आलेली नाही. कॉलेजात मात्र रूपालीला मेंढीबाई म्हणतातच. सई सांगते, ती लगेच ओ देते. त्याच चालीत.