अनवाणी पावलं

समस्त वाचकांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पन्नाशी उलटल्यावर, पिशवीत चार दशम्या बांधून, आम्ही एकटेच एकांताच्या शोधात निघालो होतो. कोकणातला निर्मनुष्य किनारा, एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. एकांत अगदी मनासारखा मिळाला. मग भरती सुरू झाली.

वाळूची पुळण बघता बघता सतरंजीएवढी उरली. मागची वाट पाण्याखाली गेली होती. तेवढ्यात ओल्या वाळूत पावलं दिसली. ताजी, अनवाणी, कड्याला वळसा घालून पुढे गेलेली. अनवाणी म्हणजे इथलाच माणूस, वर चढायची वाट त्याला ठाऊक असणारच. मी त्या पावलांवर पाऊल ठेवत निघालो. प्रत्येक लाट त्यातली एकदोन पुसून नेई, आणि मी उरलेल्यांमागे धावे.

गंमत बघा. माणसांना कंटाळून इतक्या लांब यावं, आणि कुणा अनोळखी अंगठ्याच्या खळग्यात पाणी भरताना पाहून आपला जीव कासावीस व्हावा. घरच्या कुणाची वाटसुद्धा मी कधी इतक्या आशेने पाहिली नसेल.

शेवटी करवंदीच्या जाळ्यांतून अंग ओरबाडून घेत वर निघालो, म्हणून हे लिहितोय. पण त्याआधी, वळणापलीकडे, खडकावर पावलांचा मालक भेटला. माझ्याच वयाचा, पाय पोटाशी घेऊन बसलेला, गळ्यात लेस बांधून लटकवलेले नवेकोरे बूट. मला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"आलात एकदाचे," तो म्हणाला. "चला, आता वाट दाखवा."