मामांच्या लाळेचा नमुना

माझ्या थोरल्या मामांइतका सोवळा तंबाखूखाऊ सबंध शहादा तालुक्यात सापडायचा नाही. दिवसभर तंबाखू चालायची. पण कुणाच्या दारात, बायाबापड्यांसमोर किंवा उभ्या पिकात थुंकणं म्हणजे पाप. एकदा नंदुरबारला जाताना थुंकायला म्हणून वाटेत प्रकाशा या गावी एसटीतून उतरले. तीर्थाच्या गावात थुंकायचं कसं, म्हणून भरल्या तोंडानं तापीच्या पुलापलीकडे जायला चालत निघाले. पुलावर त्यांचीच गाडी त्यांना ओलांडून गेली. हात केला, पण हाक मारायला तोंड मोकळं नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. ‘पोरगी शिकेल’ असं आईच्याही आधी मामा म्हणाले होते. आज मी एका रुग्णालयात तंत्रज्ञ आहे. तिथल्या संशोधनात तंबाखू खाणाऱ्यांची लाळ छोट्या नळीत घेतात आणि तिच्यातल्या प्रथिनांवरून तोंडाच्या कर्करोगाची शंका घ्यावी का, ते पाहतात. सुई नाही, चिरा नाही. मामांच्या गालात आतून पांढरा चट्टा होता आणि सुईच्या भीतीनं ते डॉक्टरांना टाळत होते. म्हणून मीच नळी घेऊन त्यांच्या घरी गेले.

मामांनी हात मागे घेतले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. “तुन्हा पाय पडस, अन तुन्हाच हातमा थुंकू? नही माय!”

“दी टाका ना!” मामी आतून ओरडल्या. “आते ती डॉक्टरीन शे, भाची नही!”

दोन दिवसांनी, मी ठेवून आलेली नळी मामा स्वतःच भरून रुग्णालयात घेऊन आले. भाचीच्या हातात जायची म्हणून आधी मिठाच्या, मग साबणाच्या चुळा भरल्या होत्या, वर लवंग चघळली होती. नमुना वाया गेला.

“मामा, मला उष्टंच हवंय.”

 दुसऱ्या दिवशी मामा तंबाखू न खाता आले, माझ्या पाया पडले आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी नळी भरली.

शंका निघाली. आता गालातला तुकडा काढून तपासावा लागेल, हे मीच त्यांना सांगितलं. मामांनी एवढंच विचारलं, “तू उभी ऱ्हाशी ना?”

मी उभी राहिले. कर्करोगच होता, पण लवकर सापडला. गालाचा आतला भाग काढावा लागला. मामा वाचले, तंबाखू सुटली, पण बोलणं जड झालं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. निम्मं मला कळत नाही. “मामीला द्या” असं मात्र मी म्हणत नाही. त्यांचं सांगून होईपर्यंत ऐकत राहते.