माई रुंबीचा मुचानेता

माई रुंबीला, म्हणजे रुंबीच्या आईला, कुत्र्यांचा तिटकारा होता, आणि ही गोष्ट तिने कधी लपवून ठेवली नव्हती. तसं तिला काहीच लपवता यायचं नाही, आवाजच तसा होता. मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकीण. पिंपाएवढ्या पातेल्यात मक्याच्या पिठाचा घट्ट सादझा घोटता घोटता पोरींवर ओरडायची सवय जडलेली. रविवारी चर्चमध्ये गाण्याची पहिली ओळ ती उचलायची, तेव्हा बाहेर झाडावरचे कावळे उडायचे.

त्यामुळे नवऱ्याने, म्हणजे बाबा रुंबीने, गोडेतेलाच्या खोक्यातून एक तांबूस पिल्लू घरी आणलं, तेव्हा निम्म्या वेंगेरे वस्तीला ते लगेच कळलं. बाबा रुंबी न्यांगाला जाणाऱ्या बसवर ड्रायव्हर होता. पिल्लू त्याच्या मामांनी गावाकडून दिलं होतं.

"हे आत्ताच्या आत्ता परत जाणार," माई म्हणाली.

"मामांनी दिलेलं परत कसं करायचं?"

"मग तुम्हीही जा त्याच्याबरोबर. दोघांना एकाच खोक्यात भरते."

बाबा रुंबी कमी बोलणारा माणूस. तो हातपाय धुवायला गेला. लेकीने, रुंबीने, तोवर आपला जुना स्वेटर खोक्यात अंथरला होता.

आता या गोष्टीत शेजारचे वामुझोंडो येतात. रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि त्यांच्या कोंबड्या. दोन घरांमध्ये घाणेरीचं कुंपण होतं आणि त्याला खाली एक भोक. त्या भोकातून कोंबड्या रोज यायच्या आणि माईच्या वाफ्यातली कोवळी पालेभाजी फस्त करायच्या. माई रोज कुंपणाशी उभी राहून ओरडायची. त्याच दिवशी सकाळी वामुझोंडो दात घासता घासता म्हणाले होते, "ओरडा माई, ओरडा. तुम्ही ओरडला नाहीत तर माझ्या कोंबड्या अंडी घालत नाहीत."

हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

संध्याकाळी पिल्लाने स्वयंपाकघरातल्या चटईवर आपली सही केली. माईने त्याला मानेला धरून उचललं, दारापर्यंत नेलं आणि तिथेच थांबली. तिची नजर कुंपणाकडे गेली. त्या भागात शेजाऱ्याला तोंडावर जे बोलता येत नाही, ते कुत्र्याचं नाव ठेवून बोलतात. नावाबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही.

"रुंबी, याचं नाव मुचानेता," ती म्हणाली.

मुचानेता म्हणजे 'थकाल तुम्ही'. पिल्लू तिच्या हातात लोंबकळत होतं, तरी तिने कुंपणाकडे तोंड करून हाक मारली, "मुचानेता! ए मुचानेता!"

पलीकडे वामुझोंडोंच्या हातातलं कोंबड्यांच्या दाण्याचं टोपलं क्षणभर थांबलं.

आठवडा व्हायच्या आत त्यांच्याकडेही पिल्लू आलं. काळंपांढरं, एक कान उभा, एक पडलेला. पहाटे त्यांनी गार्डाच्या जुन्या थाटात हाक दिली, "तिचाओना!"

म्हणजे 'बघूच'.

मग काय विचारता! अलीकडून "थकाल तुम्ही!", पलीकडून "बघूच!" सकाळ-संध्याकाळ. पाण्याच्या नळावर भरून झालेल्या बादल्या घेऊन बायका उगाच रेंगाळायच्या. पाद्रीबाबांनी प्रवचनात शेजारधर्माचा विषय घेतला. दोघांनीही मान डोलावली आणि घरी येऊन कुत्र्यांना हाका मारल्या.

कुत्र्यांना मात्र यातलं काही कळलं नाही. त्यांनी कोंबड्यांचं भोक उकरून मोठं केलं आणि दिवसभर या अंगणातून त्या अंगणात धुडगूस सुरू झाला. कोंबड्या धास्तावून घरातच राहू लागल्या, त्यामुळे भाजी वाचली. पण मग भाजीवर दोन्ही कुत्रे लोळू लागले. मुचानेताने बाबा रुंबीची ड्रायव्हरची टोपी चावली. वामुझोंडोंचा चर्चला जायचा एक बूट वाफ्यात सापडला. माईने तो धुतला, पुसला आणि काही न बोलता कुंपणावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी चार अंडी होती. तीही कुणी काही न बोलता ठेवलेली.

माई अजूनही म्हणायची, कुत्रं मला आवडत नाही. पण वसतिगृहातून येताना तिच्या पिशवीत हाडकं असायची, आणि ती नुसती उरलेली नसायची, निवडलेली असायची. मुचानेता वळणावर वाट बघत बसायचा आणि ती दिसली की तिच्याकडे तोंड करून, मागे मागे चालत तिला घरी आणायचा. "समोर बघ मेल्या, पडशील!" ती ओरडायची. खरंच पडायचा.

एके वर्षी पिसाळण्यावरची लस टोचायला सरकारी माणूस बाजारामागच्या मैदानात आला. वामुझोंडोंचा गुडघा सुजला होता. ते कुंपणाशी आले आणि घसा खाकरत म्हणाले, "माई, तुमचा जातोच आहे तर... आमचाही..."

"द्या," माई म्हणाली.

रांगेत दोन्ही कुत्रे शहाण्यासारखे बसले होते. नंबर आला.

"नाव?" लसवाल्याने मान वर न करता विचारलं.

"थकाल तुम्ही."

"थकलोच आहे बाई, सकाळपासून उभा आहे. कुत्र्याचं नाव सांगा."

"तेच नाव आहे त्याचं!"

"आणि या दुसऱ्याचं?"

"बघूच."

"आता काय बघायचंय? नाव सांगा म्हणतो ना!"

तेवढ्यात मुचानेताला सुई दिसली. त्याने दोरीला हिसडा दिला, पाठोपाठ तिचाओनानेही, आणि दोघं बाजारात घुसले. मागून माई रुंबी, डोक्याचा रुमाल सुटलेला, एक चप्पल हातात. "थकाल तुम्ही! बघूच! थकाल तुम्ही! बघूच!" टोमॅटोवाल्या, मासळीवाल्या पोट धरून हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "अगबाई, ही तर आता एकटीच भांडायला लागली!" आणि धावता धावता माईलाच हसू फुटलं. ती मक्याच्या पोत्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कुत्रे परत येऊन तिची चप्पल चाटत बसले.

पुढचे पावसाळे असेच गेले. मग एका वर्षी गोचिडांचा ताप आला. मुचानेता खाईना. त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पण मान हलवली. ज्या स्वयंपाकघरात त्याला चटईच्या त्या दिवसानंतर कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं, तिथे चुलीजवळ माईने त्याला निजवलं. शेंगदाण्याचं कूट घालून पेज केली, बोटाने त्याच्या तोंडाला लावली. वामुझोंडो अंडं घेऊन आले, पहिल्यांदाच दारातून. मुचानेताने अंड्याचा वास घेतला, शेपटी एकदा जमिनीवर आपटली. दुपारी तो गेला.

वामुझोंडोंनी घरून फावडं आणलं आणि दुखऱ्या गुडघ्याने खड्डा खणला, वाफ्याच्या कडेला. रस्त्यावरून जाणारा कुणीतरी म्हणाला, "कुत्र्यासाठी एवढं?" त्यांनी वर बघितलंही नाही.

"धूर फार झालाय आज," माई डोळे पुसत म्हणाली.

चूल कधीच विझली होती. वामुझोंडो म्हणाले, "हो, फार झालाय." आणि त्यांनीही डोळे पुसले.

त्यानंतर तिचाओना बरेच दिवस त्या वळणावर जाऊन बसायचा. माई वसतिगृहातून यायची, त्याला बघायची आणि थबकायची. एका संध्याकाळी तिने हाडूक काढून त्याच्यापुढे टाकलं. तो तिच्यामागून घरी आला, सरळ स्वयंपाकघरात शिरला आणि दारात आडवा पसरला. आता त्याला ओलांडूनच आत-बाहेर करावं लागतं. रात्रीच्या जेवणाआधी वामुझोंडो त्याला न्यायला येतात, पण तो उठत नाही. मग बाबा रुंबी स्टूल पुढे सरकवतो आणि माई कुरकुरत चहा टाकते.

"माझ्या कुत्र्याचं पिंप करून ठेवलंय तुम्ही," वामुझोंडो म्हणतात.

"मग न्या ना उचलून. बघू उचलवतोय का तुमच्याने," माई म्हणते आणि त्यांच्या कपात साखर जरा जास्तच घालते.