झोळीची दोरी

भूगावातल्या माझ्या जागेवर, पत्र्याच्या शेडमध्ये, एक बाई परगावच्या मजुरांची पोरं सांभाळतात, बायकांना शिवण शिकवतात. वडिलांनी मला न विचारता त्यांना जागा दिली, हा राग अजून जात नाही. रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाशी बाई बोलत नाहीत. निदान भाजी तरी निवडायला देतात.

परवा मी जेसीबी घेऊनच गेलो. "आजच शेड पाडणार!"

"हळू, भाऊ! आत्ता डोळा लागलाय पोराचा. आई स्लॅबच्या कामाला गेलीया." त्यांनी साडीच्या झोळीची दोरी माझ्या हातात दिली. "हलवा. त्यो उठला की भांडू."

बाहेर जेसीबी धडधडला. झोळीतलं बाळ दचकलं.

"बंद कर ते!" मी ड्रायव्हरवरच खेकसलो.

बाई मेथी निवडत राहिल्या. जागा माझीच आहे, असं मी त्यांना बजावलं, पण कुजबुजत.