हौजकटोऱ्याची वरची कमान

दौलत गेल्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी राजापेठेतल्या आमच्या खोलीत वार्षिक परीक्षेची चित्रं तपासत बसलो होतो. अकोल्याहून त्याच्या बहिणीनं, गिरजाबाईंनी, कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. "भाऊ परवा गेला. त्याच्या काचेचं सामान इथं कोणाले समजत नाही. तुमी येऊन पाहा." एवढंच. मी कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं, आणि पुढच्या चित्राला किती गुण दिले ते मला आजही आठवत नाही. सहा वर्षं तो माझ्या दारात आला नव्हता. मीही एकदा नाही, दोनदा अकोल्यात जठारपेठेच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो होतो. मी मुळात भित्रा माणूस. आता बोलावणं आलं ते असं…

जठारपेठेत त्याचा लहानसा स्टुडिओ होता. पोटासाठी तो नवरानवरीचे, बारशाचे, नोकरीच्या अर्जाला लागणारे फोटो काढी. जीव मात्र अडकलेला जुन्या दगडांत. नरनाळ्याचे दरवाजे, बाळापूरची छत्री, अचलपूरच्या वेशी, पूर्णाकाठचे पडके घाट… वऱ्हाडातली एकही जुनी भिंत सोडायची नाही असा त्याने पणच केला होता. माझी त्याची गाठ पडली ती शाळेत. मी ड्रॉइंगमास्तर, पण तरुणपणी एका फोटोवाल्याकडे रीटचिंग शिकलो होतो. काचेच्या निगेटिव्हवर पडलेले ठिपके, ओरखडे, नको त्या खुणा बारीक पात्यानं खरवडायच्या किंवा पेन्सिलीनं भरायच्या, हे ते काम. दौलत शिक्षकांचा ग्रुप फोटो काढायला आला, मला हे काम येतं ते त्याला कळलं, आणि तेव्हापासून तो रविवारच्या गाडीनं काचांची लाकडी पेटी मांडीवर घेऊन माझ्याकडे येऊ लागला. गाडीत कितीही गर्दी असो, पेटी खाली टेकवायची नाही. "मास्तर, ह्या काचा फुटल्या ना, तर ते किल्ले पुन्ना पडले म्हणून समजा," असं म्हणायचा.

त्याच्या फोटोंत माणूस नसे. मी एकदा म्हणालो, अरे, एखादं गुराखी पोर तरी उभं कर, इमारत केवढी ते कळेल. तो चिडला. "माणूस मंधात आला का भिताडाकडे कोणी पाहात नाही मास्तर. माणसं तं रोजच पायतो आपण." त्यासाठी त्याची एक रीत होती. लेन्ससमोर गडद काच लावायची, झाकण काढायचं आणि तोंडानं शंभर आकडे मोजायचे. तेवढ्या वेळात समोरून चालत गेलेलं माणूस काचेवर उमटतच नाही. बाजाराच्या दिवशी भर वेशीचा त्यानं असा फोटो काढला होता, की शेकडो माणसं जात-येत असताना वेस ओस पडलेली दिसावी. तो फोटो पाहून माझ्या अंगावर काटा आला होता. त्याला मात्र त्याचा भारी अभिमान.

आणि घरात दिव्याखाली अंधार. त्याच्या बायकोचा, अंजनावहिनींचा, एकही फोटो नव्हता. लग्नात काढायचा राहिला, मग पुढच्या दिवाळीला, मग त्याच्या पुढच्या. "साऱ्या वऱ्हाडाचे फोटो काढून राहिले, घरच्या बाईचा एक नाही," त्या माझ्यासमोर हसत हसत बोलायच्या. तो म्हणायचा, "तू कुठं पयून चालली काय?" आणि आम्ही तिघंही हसायचो. असलं बोलणं किती सहज बोललं जातं…

एका वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही तिघं अचलपूरला गेलो. मूर्तिजापूरला छोट्या गाडीत बसलो, पुढे बैलगाडी. हौजकटोरा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : कोरड्या तळ्याच्या मधोमध उभी असलेली अष्टकोनी, मजल्यावर मजला चढवलेली इमारत, एक अंग ढासळलेलं, सगळीकडे कमानीच कमानी, आणि तळ्याच्या बांधावर एकुलतं झाड. वहिनी बैलगाडीपाशी भाकरीचं गाठोडं सोडत होत्या. दौलतनं झाकण काढलं आणि मोजायला लागला. नेमका एक ढग सूर्याकडे सरकत होता, म्हणून आम्ही दोघंही माना वर करून त्या ढगाकडेच पाहत राहिलो. शंभर झाले, झाकण बसलं. थोड्या वेळानं वहिनी आल्या त्या इमारतीच्या बाजूनं, लुगड्याला माती लागलेली. कुठं गेल्या होत्या ते त्यालाही विचारावंसं वाटलं नाही आणि मलाही. भाकरी खाल्ल्या आणि परत निघालो.

ती काच आठवड्यानं माझ्याकडे आली. भिंग लावलं तर सगळ्यात वरच्या मजल्याच्या डावीकडच्या कमानीत एक डाग. करंगळीच्या नखाएवढी कमान, आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढी ती खूण. निगेटिव्हवर काळी, म्हणजे फोटोत पांढरी येणार. वहिनींचं लुगडं आभाळी रंगाचं होतं आणि तो रंग काचेवर पांढराच येतो. मी ओळखलं. खोटं कशाला बोलू, मी लगेच ओळखलं. निम्माशिम्मा वेळ त्या तिथं उभ्या असणार, म्हणून त्यांच्यातून मागची भिंत दिसत होती. मला हसू आलं. म्हटलं, आता दौलत बोंबलेल, फोटोत माणूस आलं म्हणून. आणि मग मी पातं घेतलं. इतक्या सफाईनं खरवडलं की कमान पहिल्यासारखी रिकामी झाली. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

त्याच उन्हाळ्यात वहिनी तापानं गेल्या. अकरा दिवसांचा ताप. महिन्याभरानं दौलत आला तो पेटी न घेताच. पाणी प्याला. मग म्हणाला, "मास्तर, आखरीच्या दिवशी ती मले म्हणे, माहा एक फोटो आहे तुमच्यापाशी. हौजकटोऱ्यात मी आली होती तुमच्या फोटोत, पाहा शोधून. एवढं बोलली आन् झोपली. मी काच पायली, कागद पायले. काहीच नाही. तुमच्या हाती काच आली तवा त्याच्यात काई होतं काय?"

सांगायची वेळ तीच होती. माझ्या तोंडून निघालं, "नाही गड्या, काही नव्हतं."

त्यानंतर सहा वर्षं तो दर संक्रांतीनंतरच्या रविवारी हौजकटोऱ्याला एकटा जात राहिला. तीच जागा, तीच गडद काच, शंभर आकडे. आणि नंतर ती काच माझ्यासमोर ठेवून म्हणायचा, "पाहा बरं भिंग लावून, काई दिसते काय." भुताखेतांना हसणारा माणूस तो. मी एकदा चिडून म्हणालो, दौलत, काय चाललंय तुझं हे? तर शांतपणे म्हणाला, "मले मालूम आहे मास्तर, नाही दिसत. तरी पाहा." मग मी पाहायचो. कमानीमागून कमानी, प्रत्येक रिकामी, आणि त्या एका कमानीवर आलो की भिंग झटकन पुढे सरकवायचो. फोटो त्याला छळत होता की मला, कुणास ठाऊक. झोपेत मला पात्याचा तो आवाज ऐकू यायचा, काचेवर हलकेच चालणारा, खर्र खर्र. बायको विचारायची, दात काहून खाता झोपेत?

सहाव्या वर्षीची काच आली तेव्हा मला राहवलं नाही. पेन्सिलीला टोक केलं आणि त्या कमानीत मी वहिनी काढल्या. डोक्यावरून घेतलेला पदर, खांद्यावरून सोडलेलं टोक, जराशी कललेली मान. विरळ शिसं, मागची भिंत दिसेल इतपतच. जे खरवडलं होतं ते भरून द्यावं, एवढीच माझी अक्कल. त्याला समाधान मिळेल आणि मी सुटेन. हेही पापच, आणि प्रायश्चित्त म्हणून मी केलं.

पुढच्या रविवारी तो फोटो छापून, काचेसकट घेऊन आला. चहा घेतला नाही. फोटो माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "पदर उलटा पडला मास्तर."

मी पाहिलं. पदर उजव्या खांद्यावर होता. आमच्या धंद्यात कच्चं पोरही ही चूक करत नाही. रीटचिंग काचेच्या लेप लावलेल्या बाजूवर करतात, आणि त्या बाजूनं सगळं आरशातल्यासारखं उलटं असतं. डावं ते उजवं. पण जन्मभर मी ठिपकेच पुसले, बाईमाणूस काढलं ते पहिल्यांदाच, आणि काढलं ते ड्रॉइंगमास्तराच्या हातानं, जसं दिसायला हवं तसं.

"जागा कोणी सांगतली तुमाले?" तो म्हणाला. "मले तं तिनं कमान सांगतली नव्हती."

मग मी सगळं सांगितलं. तो फोटोतल्या त्या कमानीवर बोट ठेवून ऐकत राहिला. शेवटी एवढंच विचारलं, "इथंच उभी होती? पक्कं?" मी मान डोलावली. त्यानं ती काच फडक्यात गुंडाळली आणि गेला. त्यानंतरची सहा वर्षं पुन्हा आला नाही.

कार्ड आल्यानंतरच्या रविवारी मी अकोल्याला गेलो. गिरजाबाईंनी स्टुडिओमागची खोली उघडून दिली. भिंतीला लागून पेट्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. उभं आयुष्य दगडांचे फोटो काढलेल्या माणसाच्या खोलीत भिंतीवर एकच फोटो होता, खाटेसमोर. "हा एवढाच लावला त्यानं," त्या म्हणाल्या. "सकायी उठला का याच्याकडेच पाहे."

हौजकटोरा. पण पाहताक्षणी काहीतरी खटकलं. ढासळलेलं अंग भलत्याच बाजूला होतं, बांधावरचं झाडही पलीकडे गेलेलं. फोटो जरा धूसरही होता, काच पालथी घालून छापला की येतो तसा. दौलत आणि अशी चूक? एक दगड इकडचा तिकडे झालेला ज्याला खपत नसे, त्यानं अख्खी इमारत उलटी छापली? मी चष्मा पुसला, खाटेवर चढलो आणि वरच्या कमानीशी डोळे नेले.

पदर डाव्या खांद्यावर होता.