काटेमामांची टिचकी

काटेमामांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरचे काटे दुरुस्त करायचा धंदा, म्हणून काटेमामा. इंजिनाला ते हात लावत नसत आणि शेजारच्या मेकॅनिकने आपल्या काट्यांत नाक खुपसलेलं त्यांना खपत नसे. माणूस भला, पण ताठा असा की मान मोडेल, वाकणार नाही.

थंडी पडली की त्यांची सुगी. जुन्या मीटरमधलं ग्रीस गारठतं, काटे जागचे हलत नाहीत, टाकी भरली तरी रिकामीच दिसते. काही खोलण्याआधी मामा वाकून काचेवर एक टिचकी मारायचे. बऱ्याचदा काटा धडपडत उठायचा आणि गिऱ्हाईक हसायचं. "थंडीत काटे आळशी होतात," मामा म्हणायचे, "तुमच्या-माझ्यासारखेच."

अक्का त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. आता तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड डायलिसिस. खेप चुकली की अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे, आडवं होता यायचं नाही. मेहुण्यांच्या मागे राहिलेली जुनी गाडी होती. त्या गाडीतून अक्काला दवाखान्यात न्यायचं काम मामा दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

त्या हिवाळ्यात गाडीचा तापमानाचा काटा वर चढायचा आणि मध्येच लोळण घ्यायचा. मामांनी मीटर बाहेर काढला, जोडण्या घासल्या. इंजिनाकडची वायर सोडवून पत्र्याला टेकवली, तर काटा सरळ टोकाला. म्हणजे मीटर ठणठणीत. सेन्सर बदलला, तरी तेच. बॉनेटखालच्या, रेडिएटरला जोडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत पाणी दिसत होतं. रेडिएटरचं झाकण मात्र त्यांनी उघडलं नाही. ते शेजाऱ्याचं काम, आणि त्याला विचारायचं म्हणजे काट्यापुढे हार मानायची. थंडीत इंजिन तापतच नसेल, अशी स्वतःची समजूत घालून ते मोकळे झाले.

मग दवाखान्यातलं मशीन बिघडलं आणि अक्काची एक खेप हुकली. पुढच्या खेपेला निघाले तेव्हा तिचा चेहरा सुजला होता. दोन वाक्यांमध्ये ती थांबून श्वास घेत होती.

गाव मागे पडल्यावर काटा पडला. मामांनी टिचकी मारली. काटा ढिम्म.

"अरे, पायाशी गार वारा येतोय," अक्का म्हणाली. "मघाशी तर गरम येत होता."

"थंडी आहे, अक्का. घोंगडी घे ना नीट."

तिने घोंगडी ओढली. मामांनी पुन्हा टिचकी मारली, मग पुन्हा. अक्काला हसू आलं. "मेल्या, त्या काचेला भोक पाडशील. त्यापेक्षा मला मार एक. बघू, मी तरी चालू होते का."

मामाही हसले. पुढे त्यांना आपल्या त्या हसण्याचाच सगळ्यात जास्त राग येत राहिला.

पुढच्या चढावर जळका वास आला, इंजिन खरखरलं आणि कायमचं बंद पडलं. दोन्हीकडे गारठलेली शेतं. मामा रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात हलवत होते आणि गाड्या त्यांना वळसा घालून जात होत्या. शेवटी एक दुधाची गाडी थांबली. तोवर अक्काचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात तिला आत नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि फुप्फुसांत पाणी भरलं होतं, एवढं म्हणाले.

गाडी ओढून आणल्यावर शेजाऱ्याने झाकण उघडलं. आत ठणठणाट. बाटली भरलेली, पण तिचं पाणी आत ओढलंच जात नव्हतं, आणि रेडिएटर कोरडा. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तर तापमान सांगणार. पाणीच नसेल तर बिचारा गारच दाखवणार, आणि हीटरमधूनही गारच वारा येणार. काटा आळशी नव्हता. तो आपल्या परीने ओरडत होता आणि मामा त्याच्या तोंडावर टिचक्या मारत होते. गाडीत पाणी नव्हतं म्हणून अक्का पाण्याने बुडाली. शेजाऱ्याने झाकण पुन्हा लावलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

दुकान त्यांनी चालू ठेवलं. पोट आहे. पण बोलणं आटलं आणि टिचकी सुटली.

परवा कडाक्याच्या थंडीत एक माणूस आला. गाडीत मागे त्याची म्हातारी आई बसली होती. "मामा, काटा वर जातो आणि पडतो. तुमची ती टिचकी मारा ना एक, आम्हाला लांब जायचंय."

मामा काचेकडे वळलेही नाहीत. "पायाशी वारा कसा येतो?"

"गार. आता थंडीच आहे म्हटल्यावर..."

मामांनी खिडकीतून हात घातला आणि गाडीची किल्ली काढून घेतली.