निळ्या रेनपासून साडेचार मीटर

मर्विन, हे तुझ्याविषयीच आहे. तुला आता वाचता येत नाही, ग्लेनिस वाचून दाखवेल. तिला मध्येच टोकू नकोस.

मर्विन कीली, रेल्वेतला निवृत्त सिग्नलमन. सत्तरीनंतर त्याच्या नजरेचा मधलाच भाग जायला लागला. "कडेचं दिसत राहील," डॉक्टर म्हणाले. कडेचं घेऊन काय करायचं? त्याला परसातल्या निळ्या रेनचा, त्या चिमुकल्या पक्ष्याचा, एक स्वच्छ फोटो हवा होता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल तोवर. सप्टेंबरात, इथल्या वसंतात, अंगठ्याएवढा तो नर निळाशार होतो आणि गाडीच्या आरशात दिसणाऱ्या स्वतःलाच शत्रू समजून टोचत सुटतो. त्या दिवसांत गावभर आरशांना जुने मोजे चढवलेले असतात. मर्विनने आपल्या आरशाचा मोजा काढला.

चुकली ती लेन्स. फोटो क्लबातल्या शहाण्यांचं ऐकून त्याने दंडाएवढी लांब आणली.

"ही काय तोफ?" त्याची बायको ग्लेनिस म्हणाली. "पक्षी मारायचाय की काय?"

"गप्प बस गं. लांबचं जवळ दिसतं हिच्यातनं."

"अरे, पण तो जवळच बसलाय ना!"

खरंच होतं. साडेचार मीटरच्या आतलं त्या लेन्सला स्पष्ट दिसतच नाही, आणि कुंपणाला पाठ लावूनही मर्विनला तीनच मिळत. गाडी पुढे घेतली तर रेन येईना; त्याची हद्द परसातल्या लिंबोणीपर्यंतच. वजनाने कॅमेरा खाली झुके. तरी तो दिवसभर बटण दाबत राहिला.

संध्याकाळी मान तिरकी करून त्याने कॅमेरा बायकोपुढे धरला. "आलाय?"

पडद्यावर निळा डाग होता.

"आलाय की."

"डोळा दिसतोय त्याचा?"

"दिसतोय."

"कुठे बघतोय?"

ग्लेनिसने कॅमेरा हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मर्विन उठला, मोजा परत चढवला. "उगाच दमवलं बिचाऱ्याला," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तू लेन्स घेऊन शेजारी माझ्या दारात आलास. "शहरात, बेंडिगोला जाशील तेव्हा दुकानातून बदलून आण. हलकी, जवळचं दिसणारी." गुरुवारी जाते म्हटलं. त्या गुरुवारी दाताची वेळ घेतलेली होती, पुढच्या गुरुवारी बहीण आली, मग नाताळ. मार्चात, इथल्या शरदात, रेनचा निळा रंग झडला आणि तुला माझा चेहराही दिसेनासा झाला.

लेन्स माझ्याकडेच आहे, मर्विन. तू विचारत नाहीस.